धुळीआडचे तारे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मरणपंथाला लागलेल्या ताऱ्याभोवतीची धूळ त्याचा प्रकाश अडवते. मग अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्रात तीच धूळ उजळलेली कशी दिसते?

अंधाऱ्या स्वयंपाकघरात तापलेला तवा दिसत नाही, पण बाजूनं हात नेला तरी धग लागते. धुळीचं तसंच आहे. ताऱ्याचा प्रकाश पिऊन तिचे कण तापतात आणि ती ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून बाहेर टाकतात. आपल्या खोलीइतका उबदार कण साधारण १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीला सर्वाधिक झळकतो. आपली नजर मात्र पाऊण मायक्रॉनच्या आसपासच संपते. सिंह राशीतला सीडब्ल्यू लिओनिस हा तारा पाहा. स्वतःच्याच काजळीत तो इतका गुरफटलाय की दृश्य प्रकाशात अगदी मंद दिसतो. पण ५ मायक्रॉनला पाहिलं, तर सूर्यमालेबाहेर त्याच्याइतकं तेजस्वी काहीच नाही!

प्रश्न: जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रातली खोडावरच्या वलयांसारखी कडी खरी, की दुर्बिणीचा दोष?

अगदी खरी, आणि मला तर ती वेबच्या सगळ्या चित्रांत सर्वांत सुंदर वाटतात. हंस तारकासमूहातली डब्ल्यूआर १४० ही दोन ताऱ्यांची जोडी पाच हजारांहून थोड्या अधिक प्रकाशवर्षांवर आहे. कक्षा फार लांबट असल्यानं हे तारे सुमारे ८ वर्षांनी एकदाच अगदी जवळ येतात. तेव्हा त्यांचे वारे, म्हणजे त्यांच्यातून सुटणारे वायूचे झोत, एकमेकांवर आदळतात, वायू दाबला जातो आणि कार्बनयुक्त धूळ तयार होते. एक फेरी, एक कडं. वेबनं अशी १७ तरी कडी टिपली, म्हणजे १३० वर्षांचा हिशेब एकाच चित्रात! पुढे १४ महिन्यांच्या अंतरानं घेतलेली चित्रं ताडून पाहिली, तर कडी बाहेर सरकलेली स्पष्ट दिसली. वेग सेकंदाला सुमारे २,६०० किलोमीटर.

प्रश्न: मृग नक्षत्रातला काक्षी (बीटलज्यूस) हा तारा २०१९-२० मध्ये मंदावला, तो धुळीमुळेच ना?

मोठा वाटा धुळीचाच. ताऱ्यानं आधी फेकलेला वायू निवून त्याची धूळ झाली आणि ती आपल्या नजरेच्या आड आली. पृष्ठभागाचा एक भागही तेव्हा थंडावला होता.

प्रश्न: ही धूळ कधी पृथ्वीवर पोचते का?

पोचली आहे. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथं उल्का पडली. तिच्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण सापडले. त्यांतले बहुतेक सीडब्ल्यू लिओनिससारख्या कार्बन ताऱ्यांच्या धुळीतले. सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. यातले काही कण ७०० कोटी वर्षांच्या घरातले, आणि ते आज प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात.