दात स्टुटगार्टात, पैसे कोल्हापुरात

प्रश्न : वय ३४. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत आठ वर्षे काढून दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी स्टुटगार्टला आलो. पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी सोबत आहेत. खालच्या डाव्या दाढेला रूट कॅनॉल आणि कॅप सांगितली आहे, उजवीकडच्या पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट. इथल्या सरकारी आरोग्यविम्याचा वाटा वजा जाता माझ्या खिशातून ३,८५० युरो जातील : रूट कॅनॉल ७००, कॅप ६००, इम्प्लांट २,५५०. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी हेच ५७ हजारांत सांगितलं : ७, १० आणि ४०. चार महिन्यांनी गणपतीला तीन आठवडे येतोय. तोवर पेनकिलरवर काढून सगळं कोल्हापुरात करावं का? इथे हाताशी ४०० युरोच आहेत, कारण दरमहा ९०० युरो कोल्हापूरच्या जुन्या सेव्हिंग खात्यात पाठवतो. तिथे ११ लाख साठलेत, सह्या केलेलं चेकबुक वडिलांकडे आहे. पुढे दातांच्या खर्चाची काळजी नको म्हणून मावसभावाकडून वर्षाला २ लाखांची पॉलिसी घेतली : १२ वर्षे भरायचे, २० वर्षांनी ४८ लाख. फॉर्म त्यानेच भरला, कोल्हापूरचा पत्ता आणि जुनी नोकरी घालून. मी फोनवर ओटीपी सांगितला. बॉण्ड १८ दिवसांपूर्वी घरी आलाय.

उत्तर : आधी बॉण्ड. तुमच्याकडे १२ दिवस उरलेत.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात आणि मावसभाऊ हा शब्द तुमच्यापुढे काढणार नाही. आजच विमा कंपनीच्या अधिकृत ईमेलवर लिहा : पॉलिसी क्रमांक, बॉण्ड मिळाल्याची तारीख, ‘फ्री लूकमध्ये रद्द करत आहे’ हे एक वाक्य, रद्द केलेल्या चेकची प्रत. कारण विचारलं तर खरं तेच लिहा, की मी परदेशात राहतो आणि फॉर्ममध्ये तसं नाही. पोच घ्या. कुरिअरचं पाकीट फेकलं असेल तर कचऱ्यातून शोधायला सांगा, तारखेचा वाद तिथेच मिटतो. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असल्यास त्याचा खर्च आणि मधल्या दिवसांचा जोखीम हप्ता कापून बाकी पैसे परत येतात. कंपनी टाळाटाळ करू लागली तर विमा नियामकाचं तक्रार पोर्टल ‘बीमा भरोसा’, आणि तिथेही महिन्यात हललं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूरसाठी पुण्याचं कार्यालय.

हिशेब पाहा. १२ हप्ते म्हणजे २४ लाख, त्याचे ४८. ‘दामदुप्पट’ कानाला गोड लागतं. पहिला हप्ता २० वर्षे अडकतो, शेवटचा ९, सरासरी साडेचौदा. पैसे दुप्पट व्हायची वर्षे ७२ ला भागली की साधारण व्याजदर निघतो. ७२ ला साडेचौदाने भागा : पाच टक्क्यांच्या आत. साध्या एफडीने लाजवावं असा दर, आणि त्यासाठी २० वर्षे हात बांधून बसायचं. दातांचा तर या पॉलिसीत एक रुपया नाही. तुमचं बरंवाईट झालं तर घरच्यांना मिळणारी विम्याची रक्कम हप्त्याच्या दहा-अकरा पट, म्हणजे २०-२२ लाख. युरो १०० रुपये धरला तर २२ हजार युरो, स्टुटगार्टच्या संसाराला फार तर वर्षभर. वर जुनी नोकरी आणि कोल्हापूरचा पत्ता. पहिल्या तीन वर्षांत दावा आला तर चुकीच्या माहितीवर बोट ठेवून कंपनी तो नाकारू शकते. म्हणजे दोन लाख भरूनही बायको-मुलीच्या हाती काही लागेलच असं नाही. दीड कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा, तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला साधारण १५-२० हजारांच्या घरात बसतो. तो घ्या, परदेशातला पत्ता आणि आताची नोकरी फॉर्ममध्ये लिहून.

भावाला काय सांगायचं? ‘माझा परदेशी पत्ता लपवून दिलेली पॉलिसी मला नको.’ ‘एक वर्ष भर, मग बंद कर’ असं तो म्हणेल. ऐकू नका. आज जवळपास सगळे पैसे परत येतात, नंतर तोटा सोसून बाहेर पडावं लागतं.

आता ४०० युरो. ११ लाखांचा मालक ७०० युरोच्या रूट कॅनॉलसाठी चार महिने गोळ्या खायचा विचार करतोय, हे मला दातांच्या दरापेक्षा जास्त खटकलं. या महिन्याचे ९०० पाठवू नका. दाढेचे पैसे भागले तरी हाताशी पुरेसे साठेपर्यंत निम्मेच पाठवा. तीन-साडेतीन महिन्यांचा घरखर्च तुमच्या जर्मन बँकेत रोज काढता येईल अशा खात्यात राहिला पाहिजे. घरी महिन्याला नक्की किती लागतात, हे वडिलांना सरळ विचारा. ११ लाख साठलेत म्हणजे ९०० लागत नाहीत.

शिवाय ते खातं. परदेशात नोकरीला गेल्यावर साधं सेव्हिंग खातं तसंच चालवणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही. ते एनआरओ (अनिवासी भारतीयाचं, भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्यायचं असतं, दंडाची कमाल मर्यादा रकमेच्या तिप्पट. बँकेला स्वतःहून कळवा, पासपोर्ट, व्हिसा आणि जर्मन पत्त्याचा पुरावा द्या, आणि पगार पाठवायला वेगळं एनआरई खातं (परदेशातल्या कमाईसाठीचं) उघडा. फरक तुमच्या दाढेपुरता सांगतो. एनआरईतले पैसे केव्हाही परत स्टुटगार्टला नेता येतात. एनआरओतून नेताना कागदपत्रं आणि वर्षाची मर्यादा असते, व्याजावर ३० टक्के कर आणि वर अधिभार-सेस आधीच कापला जातो. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त, जर्मनीत नाही. तिथे माणशी १,००० युरोपर्यंतचं भांडवली उत्पन्न माफ आहे, पुढचं दाखवावं लागतं. सह्या केलेले कोरे चेक आजच फाडायला सांगा. वडिलांना खर्च करायचाय तर बँकेत रीतसर मुखत्यारपत्र द्या.

आता दाढ. रूट कॅनॉल तिथेच, या आठवड्यात. गोळ्यांनी दुखणं थांबतं, कधी नस मेल्यावर आपोआपही थांबतं, आणि माणूस बरं झालं समजतो. जंतू मात्र मुळाखालच्या हाडात उतरतात. चार महिन्यांनी ७०० चं काम गेलेलं असेल, दाढ काढून दुसऱ्या इम्प्लांटचे अडीच हजार मोजावे लागतील. आणि त्या ७०० बद्दलही विचारा. दाढेचं रूट कॅनॉल सरकारी विमा देतो, पण दाढ टिकवण्याजोगी हवी आणि तिच्यामुळे दातांची सलग रांग राखली जावी, किंवा रांग एका बाजूने आखूड होणं टळावं, किंवा आधीची कॅप-ब्रिज वाचावी. यातलं काही तुमच्या दाढेला लागू पडतं का, हे डॉक्टरांना लेखी विचारा. पुष्कळदा मायक्रोस्कोप किंवा मुळाची लांबी मोजायच्या यंत्राचे पैसे वर लावलेले असतात. ते नको म्हणता येतं का पाहा.

कॅपचे ६०० पांढऱ्या सिरॅमिकचे दिसतात. मागच्या दाढेला विम्याच्या प्रमाण उपचारात साधी धातूची कॅप येते, तिच्या ठरलेल्या खर्चाच्या ६० टक्के विमा देतो. धातूची चालत असेल तर तुमचा वाटा दीडशेच्या आसपास यावा. आणखी एका डॉक्टरकडून उपचार-खर्चाचा आराखडा घ्या, आणि विम्याची मंजुरी येण्याआधी कॅपचं काम सुरू करू देऊ नका. कॅपवर दोन वर्षांची हमी मिळते. राजारामपुरीत बसवलेली कॅप नोव्हेंबरात स्टुटगार्टला निसटली तर १० हजारांची कॅप विमानाच्या तिकिटासकट मोजावी लागेल.

तपासणीचं वार्षिक पुस्तक, बोनुसहेफ्ट, घेतलंय का? सलग पाच वर्षे वर्षातून एकदा तपासणीचा शिक्का असेल तर ६० चे ७० टक्के होतात, दहा वर्षांनी ७५. दोन वर्षे गेली असतील तर गेली, यंदाचा शिक्का घ्या. तिथला एखादा एजंट दातांचा पूरक विमा गळ्यात मारायला येईलच. डॉक्टरांनी आधीच सांगितलेला उपचार आणि आधीच पडलेला दात त्यात सहसा धरत नाहीत, पहिल्या काही वर्षांना वरची मर्यादाही असते. सध्या नको.

इम्प्लांट मात्र कोल्हापूरला केलंत तर माझी हरकत नाही. अडीच हजार युरो विरुद्ध ४० हजार रुपये, दोन लाखांवर वाचतात, आणि तिकीट गणपतीचं तसंही काढलेलं आहे. पण तीन आठवड्यांत ते पुरं होत नाही. स्क्रू हाडात धरायला खालच्या जबड्यात निदान तीन महिने लागतात, म्हणून या गणपतीला स्क्रू आणि पुढच्या फेरीला कॅप. आल्या आल्या पहिल्या दोन दिवसांत स्क्रू बसवून घ्या, म्हणजे टाके काढणं आणि सूज-जंतुसंसर्ग बघणं तिथेच उरकेल. स्टुटगार्टचा एक्स-रे सोबत न्या. आणि इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या : कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर. ते फाइलला चिकटवून आणा. पुढे स्क्रू ढिला झाला तर जर्मन डॉक्टरला त्याच मापाचा पाना लागतो. कुठल्या कंपनीचा ते माहीत नसेल तर तो हातही लावणार नाही.