डबल कॅब पिकअप घेताय? आधी सामान वजनकाट्यावर घाला

प्रश्न : नमस्कार दादा, माझं इलेक्ट्रिकलच्या काँट्रॅक्टचं काम आहे. रोज सोबत दोन पोरं असतात, शिवाय पाइप, वायरचे बंडल, शिडी, ड्रिल, ब्रेकर असलं सगळं सामान. सुट्टीत मात्र हीच गाडी घरच्यांना लागणार, बायको, दोन मुलं, तंबू, आणि कधीतरी भावाची बोट ट्रेलरला लावून न्यायची. दोन गाड्या काही परवडत नाहीत म्हणून डबल कॅब पिकअप घ्यायचं ठरवलंय. एक मित्र म्हणतो हायलक्स डोळे झाकून घे, दुसरा म्हणतो डी-मॅक्सला तोड नाही, आणि शोरूमवाला म्हणतो आमची एक टन माल घेते नि साडेतीन टन ओढते. नक्की भरवशाची कुठली? फोर बाय फोर लागतेच का?

उत्तर : ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळ सांगतो. टोयोटाची हायलक्स, इसुझुची डी-मॅक्स, फोर्डची रेंजर, मित्सुबिशीची ट्रायटन, निसानची नवारा, माझदाची बीटी-50 यातली एकही गाडी टाकाऊ नाहीये. या वर्गातल्या गाड्या बिघडतात त्या बऱ्याचदा दोन कारणांनी, एकतर कायम ओव्हरलोड पळवल्यामुळे नाहीतर सर्व्हिस वेळेवर न केल्यामुळे. म्हणून कंपनी नंतर, आधी तुमचं वजन बघू.

शोरूमवाल्याने सांगितलेले दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, आणि ही गोष्ट गाडी घेताना कोणी उलगडून सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण लोक याच आकड्यांवर पैसे मोजतात. समजा गाडी रिकामी 2100 किलो आहे आणि माणसं-माल धरून जास्तीत जास्त 3100 किलो भरायला परवानगी आहे, याला जीव्हीएम म्हणतात. म्हणजे झाला तुमचा एक टन. आता याच गाडीचं ट्रेलरसकट एकूण वजन, म्हणजे जीसीएम, समजा 5900 किलो आहे. मागे पूर्ण साडेतीन टनांचा ट्रेलर लावला तर गाडीच्या वाट्याला उरले 2400, त्यातून तिचं स्वतःचं 2100 वजा करा, राहिले फक्त 300 किलो. तीन मोठी माणसं बसली की हौद्यात, म्हणजे मागच्या मालाच्या जागेत, जेमतेम टूलबॉक्स ठेवता येईल. आकडे मॉडेलनुसार थोडे पुढे-मागे होतात पण गणित हेच राहतं.

ट्रेलर लहान असला तरी पुढचा हिशोब बघा. पाच माणसं सरासरी 75 किलो धरली तर 375. हौद्यावर कॅनोपी, म्हणजे वरचं बंद झाकण, बसवली, धरा 100. पुढचा लोखंडी बंपर 50, टो बार, म्हणजे ट्रेलर जोडायचा दांडा, 30. ड्रॉवर आणि हत्यारं मिळून 250. आणि दोन टनांची बोट-ट्रेलर असेल तर तिच्या साधारण दहा टक्के वजन हूकवर येतं, म्हणजे 200, आणि ते गाडीच्याच खात्यात धरायचं असतं. बेरीज झाली 1005 किलो. अजून पाण्याचा कॅन, तंबू, आइसबॉक्स काहीच चढवलेलं नाही आणि एक टन संपला सुद्धा! शिवाय काही कंपन्या रिकामं वजन सांगताना पूर्ण टाकी डिझेल धरतात, काही जेमतेम थोडंसं, आणि 80 लिटर डिझेल म्हणजे पासष्ट-सत्तर किलो, तेव्हा ते पण विचारून घ्या.

म्हणून माझं ऐका, शोरूमला जायच्या आधी तुमच्या कामाचा सगळ्यात जड दिवस कुठला ते आठवा, त्या दिवशीचं सगळं सामान आत्ता ज्या गाडीतून नेता तिच्यात भरा आणि वजनकाट्यावर जा, एकदा भरून एकदा रिकामी. दोन पावत्यांमधला फरक हे तुमचं खरं माप. त्यात बसणाऱ्या माणसांचं वजन, पुढे बसवणार असाल त्या ॲक्सेसरीज आणि हूकवरचं वजन मिळवा. जो आकडा येईल त्याच्यापेक्षा निदान दीड-दोनशे किलो जास्त घेणारीच गाडी बघा. सगळ्यात वरच्या व्हेरियंटमध्ये सनरूफ, मोठी चाकं, लेदर असलं काय काय असतं आणि त्याचंही वजन असतं, त्यामुळे पुष्कळदा त्याच गाडीचं साधं व्हेरियंट जास्त माल घेतं, कामाच्या माणसाने हे नक्की तपासावं.

वजन किती यासोबत ते कुठे बसतं हेही तितकंच महत्त्वाचं. डबल कॅबमध्ये मागच्या सीटने जागा खाल्ल्यामुळे हौदा साधारण दीड मीटरचाच राहतो आणि त्याचा बराचसा भाग मागच्या ॲक्सलच्याही मागे जातो. तिथे जड माल, त्याच्या मागे हूकला ट्रेलर, आणि गाडी खराब रस्त्यावर आदळली की सगळा हिसका चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बसतो. कॅब आणि हौदा यांच्या मधोमध चासी वाकल्याचे प्रकार या वर्गात घडतात, आणि यात मागे हवेच्या बॅगा लावून बसलेली गाडी वर उचलणारे जास्त सापडतात. बॅग लावली की गाडी सरळ दिसते पण वजन घ्यायची क्षमता काही वाढत नाही. उलट पाटे (लीफ स्प्रिंग) जो भार दोन टोकांना वाटून देतात तो बॅग चासीच्या एकाच जागी देते. त्यामुळे ब्रेकर, केबलचे ड्रम असलं जड सामान कॅबला टेकवून पुढे ठेवायचं, हलकं मागे. तुमची शिडी आणि तीन मीटरचे पाइप हौद्यात आडवे बसणारच नाहीत, त्यांना वर रॅक लागेल, तो पण वजनात धरा.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर, हायलक्स, डी-मॅक्सला मागे पाटेच आहेत, नवाराच्या 2014 च्या पिढीला मात्र मागे बऱ्याच ठिकाणी कॉइल स्प्रिंग मिळतात. कॉइलवाली रिकामी असताना बरी चालते, मागे बसलेल्यांना हादरे कमी, पण रोज जड माल भरायचा असेल तर माझा कौल पाट्यांनाच. तुमचा रोजचा माल आहे, तुम्ही पाटेच घ्या.

आता फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद. बोट पाण्यात उतरवायची म्हणजे उताराचा ओला, शेवाळलेला रॅम्प, आणि तिथे मागची दोन चाकं पाण्याच्या कडेला गरगर फिरायला लागली की माणूस हतबल होतो, मागे बोट, पुढे चढ, आणि बाकीचे लोक रांगेत ताटकळत. तुमच्या बाबतीत फोर बाय फोर घ्याच, लो रेंजवाली, म्हणजे हळू पण जास्त जोराने ओढणारा गिअर असलेली. फक्त एक लक्षात ठेवा, यातल्या बऱ्याच पिकअप पार्ट-टाइम फोर बाय फोर असतात, म्हणजे पुढच्या नि मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हाय (नेहमीच्या वेगाचं फोर बाय फोर) लावून वळलात की चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं पण यंत्रणा त्यांना बांधून ठेवते, मग स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो. ट्रायटनच्या सुपर सिलेक्टवाल्या व्हेरियंटला सेंटर डिफ असल्यामुळे ती डांबरावरही फोर बाय फोरमध्ये चालवता येते, पावसाळी रस्त्यावर ट्रेलर ओढताना याचा फार फायदा. ज्याचं काम डांबरावरच आणि सुट्टीत फार तर कच्चा रस्ता, त्याला फोर बाय टू, म्हणजे दोनच चाकांना ताकद असलेली, पुरते, वजन कमी, खर्च कमी.

डिझेलचा एक मुद्दा जरा नीट वाचा. नव्या इंजिनांना सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो काजळी धरून ठेवतो आणि मधूनमधून साधारण 600 अंशांपर्यंत तापवून जाळून टाकतो. हे जाळणं नीट व्हायला गाडी थोडा वेळ एकसारख्या वेगाने पळावी लागते. तुमची साइट घरापासून चार-पाच किलोमीटरवर असेल, तिथे दिवसभर बंद-चालू, परत घरी, तर फिल्टर अर्धवट जळतो, तुंबतो आणि न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करतं. अशांनी आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेला काढून वीस-पंचवीस मिनिटं पळवावी, आणि जळण्याचा दिवा लागला असताना गाडी बंद करू नये. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, लगेच मेकॅनिककडे जा. लोक म्हणतात ‘नव्या गाड्यांत दम नाही’, पण यातल्या कित्येक तक्रारी गाडीचा वापर आणि इंजिन यांचा मेळ नसल्यामुळे येतात.

आणि आता कंपनी. हायलक्स 1968 पासून बनतेय, तिचे पार्ट आणि तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक आडबाजूलाही सापडतात, हे तिचं मोठं बळ. डी-मॅक्सचं 3 लिटरचं इंजिन साधं, ताण न घेता ओढणारं, टायमिंग चेनवालं, रोज राबवणाऱ्याला आवडेल असं. रेंजर चालवायला सगळ्यात कारसारखी, आत आराम जास्त. आणि बहिणी-बहिणी ओळखून ठेवा: 2020 पासूनची माझदा बीटी-50 ही डी-मॅक्सच्याच चासीवर नि इंजिनवर आहे, तिच्या आधीची 2011 ची पिढी मात्र रेंजरची बहीण होती, आणि 2022 पासूनची फोक्सवॅगनची नवी अमारोक रेंजरबरोबरच तयार झालीय. एका नावाला भाव जास्त असेल तर दुसरं नाव बघता येतं. पण तुम्ही जिथे काम करता तिथून सगळ्यात जवळचं वर्कशॉप कुठल्या कंपनीचं, आणि एखादा पार्ट मागवला तर किती दिवसांत येतो, हे फोन करून विचारा. गाडी आठवडाभर उभी राहिली तर तुमची दोन पोरं पण बसून राहणार, मग दोघांची हजेरी कोण भरणार. तुमच्या वर्णनावरून मी डी-मॅक्स किंवा हायलक्स, मधलं व्हेरियंट, पाटे, फोर बाय फोर, या दोघांतलं ज्याचं वर्कशॉप जवळ ते, असं सांगेन.

सही करायच्या आधी घरच्यांना सगळ्यांना गाडीत बसवा, पुढची सीट तुमच्या मापाने मागे घेऊन. डबल कॅबच्या मागच्या सीटची पाठ बऱ्याच गाड्यांत ताठ असते, दहा मिनिटांत कळत नाही, तीन तासांनी कळतं. मुलं लहान असतील तर चाइल्ड सीटचे हूक कुठे आहेत आणि ते एका हाताने लावता येतात का, हे तिथेच करून बघा.

प्रश्न : जुनी डबल कॅब बघतोय, बाहेरून चकाचक आहे. काय तपासू?

उत्तर : बाहेरून चकाचक असेल तर खालून बघा. गाडी सपाट जागेवर उभी करून बाजूने दहा पावलं लांब जा आणि कॅब व हौदा यांच्यामधली फट बघा. ती वरपासून खालपर्यंत सारखी पाहिजे. वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर शेपूट खाली झुकलंय, म्हणजे चासी वाकलेली असू शकते, मग किती का स्वस्त असेना, सोडून द्या. मग टॉर्च घेऊन खाली शिरा. चासीवर नवाकोरा काळा रंग मारलेला असेल तर सावध व्हा, छोट्या हातोडीने हलकं ठोकून ऐका, घट्ट पत्र्याचा आवाज खणखणीत येतो आणि गंजलेल्याचा बद्द. बोट ओढलेल्या गाड्यांची मागची चाकं आणि ब्रेक खाऱ्या पाण्यात भिजलेले असतात, तिथले ब्रेक पाइप आणि पाट्यांचे शॅकल आधी बघा. डिफरन्शियलचं ऑइल काढून दाखवायला सांगा, दुधासारखं पांढरट झालं असेल तर आत पाणी गेलंय. टो बारचा हूक घासून चकचकीत झालाय आणि मालक म्हणतो कधी ट्रेलर लावलाच नाही, तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नका.

फोर-हाय, फोर-लो दोन्ही लावून मातीवर चालवून बघा, वर्षानुवर्षं न वापरलेलं लिव्हर कित्येकदा अडकलेलं असतं. सकाळी इंजिन थंड असतानाच पहिला स्टार्ट मारा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. सर्व्हिसची बिलं किलोमीटरसकट मागा. एक लाख जास्त पळालेली पण सगळी बिलं असलेली गाडी मी कमी पळालेल्या बिनबिलांच्या गाडीपेक्षा आनंदाने घेईन.

प्रश्न : ऑल-टेरेन टायर टाकू का? मित्र म्हणतो लूक भारी येतो.

उत्तर : कच्च्या रस्त्याला जात असाल तर टाका, पण टायरच्या कडेवरचा लोड इंडेक्स वाचून. 112 म्हणजे एका टायरला 1120 किलो, 114 म्हणजे 1180, आणि कंपनीने दिलाय त्याच्यापेक्षा खालचा नंबर कधीही घेऊ नका. माल भरला की मागच्या टायरमध्ये हवा वाढवायची, किती ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. वाळूत शिरताना 16-18 पीएसआयपर्यंत उतरवा आणि डांबरावर येताच परत भरा, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा.