टायटॅनियम अॅल्युमिनाइडमधल्या पट्ट्या ७५० अंश सेल्सिअसला दीर्घकाळ ठेवल्यावर का तुटतात?

या टायटॅनियम-अॅल्युमिनियम मिश्रधातूत दोन प्रकारच्या स्फटिकांच्या सूक्ष्म पट्ट्या एकाआड एक असतात: अल्फा-२ (Ti₃Al) आणि गॅमा (TiAl). उष्णोपचारानंतर धातू भरभर थंड झाला की अल्फा-२ समतोलापेक्षा जास्त उरतो. ७०० ते ८०० अंशांवर हा जादा अल्फा-२ हळूहळू गॅमात बदलतो. अल्फा-२च्या पट्ट्या पातळ होतात, तुटतात आणि मण्यांसारख्या गोळा होतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या बॅकस्कॅटर प्रतिमेत (मागे उसळलेल्या इलेक्ट्रॉनांच्या चित्रात) अल्फा-२ उजळ दिसतो, त्यामुळे तुटक पांढरी रेघ लगेच ओळखू येते. आधी वसाहतींच्या (एकाच दिशेच्या पट्ट्यांच्या गटांच्या) सीमा बघा, सुरुवात बहुधा तिथूनच होते आणि रेंगण्याला (उष्णतेत भाराखाली हळूहळू ताणले जाण्याला, म्हणजे क्रीपला) असलेला विरोध तिथेच ढासळतो. ऑक्सिजनकडे मात्र दुर्लक्ष नको: अल्फा-२ तो भरपूर सामावतो, गॅमा फारच थोडा, म्हणून अल्फा-२ गॅमात बदलताना त्याला पुरेशी जागा उरत नाही.

उपाय म्हणजे धातू वापराआधीच समतोलाजवळ नेणे. टीएनएम नावाच्या अशा मिश्रधातूसाठी (टायटॅनियम, ४३.५ टक्के अॅल्युमिनियम, ४ नायोबियम, १ मॉलिब्डेनम, ०.१ बोरॉन, सगळे अणुटक्के) १२३० अंशांना १ तास ठेवून हवेत थंड करतात, मग ८५० ते ९५० अंशांना ६ तास ठेवून भट्टीतच निववतात. दुसरे तापमान कामाच्या तापमानापेक्षा निदान १०० अंश वर हवे. थोडे कार्बन किंवा सिलिकॉनही उपयोगी पडते, कारण कार्बाइड आणि सिलिसाइडचे कण पट्ट्यांच्या सीमा अडवून धरतात. प्रमाण वाढले की ठिसूळपणा येतो.