टेनिसच्या बळावर अमेरिकेत पदवी : शुल्क भरण्यापूर्वी

कोल्हापूरच्या एका पालकांनी लिहिले आहे की, त्यांची मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकत असून राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धांमध्ये टेनिस खेळते. अमेरिकी विद्यापीठात ‘फुल स्कॉलरशिप’ मिळवून देण्याची हमी एका सल्लागार संस्थेने दिली असून त्यासाठी मोठे शुल्क आगाऊ मागितले आहे. ‘तिकडची विद्यापीठे आता खेळाडूंना पैसेही देऊ लागली आहेत असे वाचले. मग एवढा खर्च करायला हरकत काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

आपण वाचलेली बातमी खरी आहे. परंतु तिचा लाभ आपल्या कन्येपर्यंत पोहोचण्याची शक्यता फार थोडी आहे. जून 2025 मध्ये अमेरिकी न्यायालयाने ‘हाऊस’ खटल्यातील, म्हणजे खेळाडूंनी मोबदल्यासाठी लढवलेल्या खटल्यातील, तडजोडीला मान्यता दिली. त्यानुसार माजी खेळाडूंना सुमारे 280 कोटी डॉलरची भरपाई द्यायची असून, 2025-26 या वर्षापासून प्रत्येक सहभागी विद्यापीठाला आपल्या खेळाडूंमध्ये ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम थेट वाटता येते; 2025-26 साठी ही मर्यादा सुमारे 2.05 कोटी डॉलर होती. मात्र मोठ्या विद्यापीठांत या रकमेचा बहुतांश वाटा अमेरिकी फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो, कारण पैसा तेथूनच येतो. शिवाय आपली कन्या एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जाणार, आणि त्या व्हिसावर कमाई करण्यास कडक बंधने असल्यामुळे अशा पैशाचा हिशेब आपण मनात धरूच नये.

हा व्यवहार इतका वाढला कसा, हे थोडक्यात सांगतो, कारण आपल्या निर्णयाशी त्याचा थेट संबंध आहे. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेकडे फुटबॉलच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचे नियंत्रण होते. 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते काढून घेतले आणि विद्यापीठे व त्यांचे गट आपापले सामने विकू लागले. एनसीएएच्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार 2016 मध्ये आठ वर्षांनी वाढवला गेला, तो 880 कोटी डॉलरना. या पैशाच्या ओढीने गटांचा भूगोलच उलटापालटा झाला आहे. लॉस एंजेलिसचे यूसीएलए विद्यापीठ 2024 पासून ज्या ‘बिग टेन’ गटात खेळते, त्याच गटात अटलांटिक किनाऱ्याजवळचे न्यू जर्सीतील रटगर्सही आहे. हा बदल झाला फुटबॉलच्या प्रक्षेपणासाठी. विमानप्रवास मात्र इतर खेळांच्या मुलामुलींनाही पडतो, आणि परीक्षा काही त्यांच्यासाठी थांबत नाहीत.

या हिशेबवहीत टेनिस खर्चाच्या रकान्यात येते. 2020 मध्ये साथीमुळे उत्पन्न घटले तेव्हा आयोवा विद्यापीठाने पुरुषांचे टेनिस, पुरुषांचे जिम्नॅस्टिक्स आणि जलतरण बंद करण्याचे जाहीर केले. फुटबॉल अर्थातच राहिले. महिलांचे जलतरण तेवढे पुन्हा सुरू झाले, कारण खेळाडू मुलींनी 1972 च्या ‘टायटल नाइन’ या समानतेच्या कायद्याचा आधार घेऊन न्यायालयात धाव घेतली. मुलींच्या संघांना हे कवच आहे, ही आपल्या दृष्टीने जमेची बाब. पण संघ कधीच बंद होणार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

‘मुलींना टेनिसमध्ये पूर्ण शिष्यवृत्तीच मिळते’ असे आपल्याला सांगण्यात आले आहे. जुन्या नियमानुसार ते बरेचसे बरोबर होते : डिव्हिजन एकमधील (एनसीएएच्या तीन स्तरांपैकी सर्वात वरच्या) महिला टेनिस संघाला आठ शिष्यवृत्त्या असत आणि त्या विभागता येत नसत. आता तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीच्या संख्येऐवजी संघाच्या आकाराला मर्यादा आहे, टेनिससाठी 10 खेळाडूंची. त्यांपैकी कोणाला पूर्ण, कोणाला अर्धी आणि कोणाला काहीच नाही, हे विद्यापीठ ठरवते. त्यामुळे हमी देण्याचा अधिकार कोल्हापुरात किंवा पुण्यात बसलेल्या कोणालाही नाही, आणि जो ती देतो त्याच्याविषयी मला तरी शंका येते. प्रशिक्षकाला ई-मेल आणि सामन्यांचे व्हिडिओ आपली कन्या स्वतः पाठवू शकते. प्रशिक्षक तिचे यूटीआर (सामन्यांच्या निकालांवरून ठरणारे टेनिसचे आंतरराष्ट्रीय गुणांकन) पाहतात, मध्यस्थाचे पत्र नव्हे. आगाऊ शुल्क भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ हा मार्गच चुकीचा आहे, असे नाही. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि पुढे हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णासह तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. चांगली कोर्टे, फिजिओ आणि नियमित सामने हे सारे तेथे आहे. माझी काळजी वेगळी आहे, ती अभ्यासाची. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात (चॅपेल हिल) 18 वर्षे असे अभ्यासक्रम चालले, ज्यांत वर्ग भरत नसत आणि एका निबंधावर भरघोस गुण मिळत. ते अभ्यासक्रम घेतलेल्या 3,100 हून अधिक विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे खेळाडू होते. हे 2014 च्या चौकशी अहवालात उघड झाले, तरी एनसीएएने 2017 मध्ये त्याबद्दल शिक्षा केली नाही, कारण ते वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते! सर्वत्र असे चालते असे मी म्हणणार नाही. पण खेळाडूला ‘सोपे’ विषय सुचवण्याचा मोह व्यवस्थेत आहेच. हंगामात आठवड्याला 20 तासांची सरावमर्यादा कागदावर आहे, प्रवास आणि उपचारांचा वेळ तीत धरला जात नाही. आपल्या कन्येला जैवतंत्रज्ञान शिकायचे आहे, म्हणजे दुपारच्या प्रयोगशाळा आल्या, आणि सरावही बहुधा दुपारीच.

म्हणून प्रशिक्षकाशी बोलताना तिने स्वतः विचारावे की, मागील चार वर्षांत संघातील किती मुलींनी विज्ञानाची पदवी घेतली, आणि प्रयोगशाळा व सराव एकाच वेळी आल्यास कोणते चुकवावे लागते. शिष्यवृत्ती एका वर्षाची की चार वर्षांची, दुखापत झाल्यास वा प्रशिक्षक बदलल्यास तिचे काय, याचे उत्तर लेखी घ्यावे. डिव्हिजन तीनची महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तरीही त्यांपैकी काही गुणवत्तेवर वा गरजेवर चांगली मदत देतात आणि तेथे अभ्यासाला अधिक वाव राहतो, म्हणून त्यांची नावे यादीतून वगळू नयेत.

तूर्त एक काम करावे. डिव्हिजन एकच्या पात्रतेसाठी नववी ते बारावीतील 16 ठरावीक विषय आणि किमान 2.3 ची (4 पैकी) सरासरी लागते. तेव्हा चारही वर्षांची गुणपत्रके शाळा व कनिष्ठ महाविद्यालयाकडून प्रमाणित करून ठेवावीत. बारावीनंतर एक वर्ष केवळ स्पर्धांना देण्याचा आपला विचार पात्रतेच्या मुदतीवर परिणाम करू शकतो, म्हणून तो निर्णय एनसीएएच्या पात्रता केंद्राचे सध्याचे नियम वाचल्यावरच घ्यावा. एखाद्या विद्यापीठाचा लेखी प्रस्ताव हाती आला की तो मला अवश्य पाठवा. त्यातील शिकवणी शुल्क, निवास, भोजन आणि आरोग्यविमा यांपैकी नेमके काय भागते, ते आपण एकत्र पाहू.

आपला,
करिअर मार्गदर्शक