उद्योग-सल्ला : मेतकूट बंद करू का?

प्रश्न : आमचा मसाल्यांचा घरगुती उद्योग 9 वर्षांचा आहे. सुरुवात एकट्या गोड्या मसाल्यावर केली, आता 14 उत्पादनं आहेत. विक्री वाढते, पण महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. मेतकूट परवडत नाही असं वाटतं, पण दुकानदार ‘असू द्या’ म्हणतात. बंद करावं का? थालीपीठ भाजणीही नव्यानं काढायची आहे. दोन्ही पाकिटांचा हिशेब सोबत पाठवते आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या हिशेबात एक रकाना नाही, तो मशीनच्या वेळेचा. आधी पाकिटाचं बघू. गोडा मसाला (200 ग्रॅम) : जीएसटी वगळून दुकानदाराकडून 88 रुपये येतात. माल, पाऊच, मजुरी, वाहतूक आणि परत आलेला माल मिळून 64 जातात, उरतात 24. मेतकूट (100 ग्रॅम) : येतात 43, जातात 36, उरतात 7. म्हणजे मेतकूट तोट्यात नाही.

आता वेळ धरा. मसाल्याचा 40 किलोचा घाणा साफसफाईसह 4 तासांत निघतो. 200 पाकिटं, 4,800 रुपये, म्हणजे तासाला 1,200. मेतकुटाचा घाणा जेमतेम 10 किलोचा, पण त्याला 3 तास लागतात. त्यातला दीड तास पल्व्हरायझर (दळायचं मशीन) धुण्यापुसण्यात आणि मसाल्याचा वास जावा म्हणून तांदूळ फिरवण्यात जातो (ते तांदूळही वायाच). 100 पाकिटांचे 700 रुपये, तासाला साधारण 233. पैसा इथं अडकतो.

तरीही लगेच बंद करू नका. मशीन रिकामं असेल त्या महिन्यांत हे 233 रुपये भाड्याला हातभारच लावतात. मेतकूट बंद केलं म्हणून जागेचं भाडं कमी होत नाही. दिवाळीआधी, चकलीच्या भाजणीनं मशीन भरलेलं असताना मात्र मेतकूट थांबवा. दुकानदारांचं ‘असू द्या’ खरं किती, हेही तपासा : 10 दुकानांत 2 महिने मेतकूट देऊ नका आणि त्यांची एकूण ऑर्डर बघा. मसाल्याची ऑर्डरही घटली तर मेतकूट गिऱ्हाईक आणतंय. काहीच फरक पडला नाही, तर ते नुसतं फळीवर बसलंय.

बंद करायचंच ठरलं, तर आधी छापील पाऊच मोजा आणि तेवढ्यापुरताच कच्चा माल घ्या. बहुतेक जण उलट करतात, मग पोतंभर डाळं संपवण्यासाठी पुन्हा पाऊच छापतात. शेवटची खेप ‘एकावर एक’ देऊन दुकानात कोंबू नका, तीच मुदत संपली की परत येते. त्या परतीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवा.

गोड्या मसाल्याचा भाव वाढवायचा तर नव्या छपाईतच वाढवा. जुन्या पाकिटावर चढ्या एमआरपीचं स्टिकर नियमात बसत नाही. किंमत उतरवायची असेल तर चालतं, तेही मूळ एमआरपी न झाकता. गुपचूप 180 ग्रॅम भरण्याचा मोह टाळा. ग्रॅममागची किंमत आता पाकिटावर छापावी लागते, हुशार गिऱ्हाईक ती वाचतं.

थालीपीठ भाजणीसाठी पाऊचचा छापील रोल घेऊ नका. प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा सिलिंडर लागतो आणि मजकूर बदलला की तो खर्च पुन्हा. पहिले 3 महिने साधा पाऊच आणि लेबल पुरे. पहिली ऑर्डर विक्रीत धरू नका, तेव्हा फक्त दुकानाची फळी भरते. त्याच दुकानाची दुसरी ऑर्डर किती दिवसांनी आली, ते वहीत लिहा. 20 दुकानांपैकी निम्म्यांनी दीड महिन्यात पुन्हा मागितली नाही, तर चव, वजन किंवा किंमत यांतलं काहीतरी चुकलंय. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा.