वाचकांचे प्रश्न : सातारा–मिरज मेमूचं गणित

प्रश्न : सातारा ते मिरज दर दोन तासांनी मेमू सोडायची तर किती रेक लागतील? (कराडहून एक वाचक)

उत्तर : मेमू म्हणजे विजेवर चालणारी जवळच्या पल्ल्याची पॅसेंजर, आणि रेक म्हणजे तिच्या डब्यांचा अख्खा संच. अंतर सुमारे १३५ किलोमीटर. सगळीकडे थांबणाऱ्या गाडीला तीन तास धरा. प्रत्येक टोकाला डबे झाडणं, चालक-गार्ड बदलणं, ब्रेक तपासणं आणि झालेला उशीर भरून काढणं, यासाठी अर्धा तास. मेमूला दोन्ही टोकांना केबिन असते, त्यामुळे इंजिन काढून दुसऱ्या बाजूला जोडायची भानगड नाही. म्हणजे जाऊन-येऊन सात तास. त्याला दोननं भागलं की साडेतीन, आणि अर्धा रेक काही धावत नाही, म्हणून चार. देखभालीसाठी एक राखीव. एकूण पाच.

आता हाच प्रवास अडीच तासांत बसवा. फेरी सहा तासांची होते आणि चालू रेक तीनच पुरतात. अर्ध्या तासात अख्खा रेक वाचला, त्याचे चालक आणि गार्डही वाचले. रेल्वेला द्यायच्या निवेदनात नवीन रेक मागण्याआधी हा अर्धा तास मागा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो कुठून निघेल, ते पुढच्या दोन उत्तरांत आहे.

प्रश्न : दुहेरी मार्गावरही एक्सप्रेससाठी पॅसेंजर बाजूला काढतात. त्यात एवढा वेळ का जातो? (सांगली)

उत्तर : दुसऱ्या रुळामुळे क्रॉसिंग संपतं, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावं लागत नाही. मागून येणारी एक्सप्रेस मात्र आहे तिथेच आहे. तिला वेग कमी करायला लावणारा पिवळा सिग्नल दिसू नये म्हणून पॅसेंजर किमान पाच मिनिटं आधी लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, गेलेली असावी लागते. लूपवर वळताना रूळ बदलायच्या सांध्यावर वेग कमी करावा लागतो: १:१२ च्या, म्हणजे हळूहळू वळणाऱ्या, सांध्यावर ताशी ३०, आणि १:८.५ च्या जास्त तीव्र सांध्यावर फक्त १५ किलोमीटर. एक्सप्रेस धडधडत निघून गेली तरी पॅसेंजरला सिग्नल मिळत नाही. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी, असा नियम जिथे आहे तिथे एक्सप्रेस पुढचं स्टेशन ओलांडेपर्यंत थांबावंच लागतं. पुढचं स्टेशन आठ किलोमीटरवर असेल तर आणखी पाच मिनिटं. सगळं मिळून बारा ते पंधरा मिनिटं, आणि तीही एक्सप्रेस वेळेवर असेल तर.

उपाय वेळापत्रकातच आहे. पॅसेंजर एक्सप्रेसच्या पुढे न सोडता तिच्या पाठोपाठ सोडायची. तरी बाजूला काढावीच लागली, तर ते कराडला व्हावं, कारण तिथे चढ-उतारीसाठी गाडी तशीही जास्त थांबते. शेणोली किंवा ताकारीला थांबवून कोणाचंच भलं होत नाही.

प्रश्न : फलाट उंच केल्यानं गाडी लवकर कशी पोचेल? (भिलवडी)

उत्तर : रुळापासून ४५५ मिलिमीटर उंचीच्या फलाटावरून डब्यात जाणं म्हणजे पायऱ्या चढणं. म्हातारी माणसं, कडेवर मूल, हातात भाजीची पाटी. दारात माणसं अडतात आणि मिनिटाच्या थांब्याची दोन मिनिटं होतात. ७६० ते ८४० मिलिमीटरच्या फलाटावर ही अडचण बरीच कमी होते. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत मधले पंधरा-सोळा थांबे मोजा, पाव तास तिथेच सापडतो. सगळा फलाट एकदम उचलायची गरज नाही. आठ डब्यांच्या मेमूला सुमारे १७० मीटर पुरतात, तेवढाच भाग आधी करून घ्या.

प्रश्न : मिरजेला पंढरपूरकडची गाडी डोळ्यांदेखत सुटते. कोणाकडे दाद मागायची? (कोरेगाव)

उत्तर : मिरजेला मध्य रेल्वेचे पुणे आणि सोलापूर विभाग, तसंच बेळगावच्या बाजूनं दक्षिण पश्चिम रेल्वे भेटतात. एकाच विभागाला अर्ज केला तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. प्रत पुणे आणि सोलापूर या दोन्ही विभागांना द्या आणि दोन्ही गाड्यांचे क्रमांक व वेळा लिहा. पूल चढून फलाट बदलायला दहा मिनिटं आणि उशिरासाठी दहा, एवढं अंतर मागा.

अर्जाआधी आणखी एक गोष्ट पाहा. वेळापत्रकात सांगली ते मिरज लागणारा वेळ आणि मिरज ते सांगली लागणारा वेळ शेजारी लिहा. अंतर तेच असून जाताना जास्त वेळ दाखवला असेल, तर ती फरकाची मिनिटं उशीर झाकायला शेवटच्या टप्प्यात घातलेली असतात. ती कमी करून घेतली, तर पंढरपूरच्या गाडीची वेळ न बदलताही जोड मिळू शकते.