सुरुवातीला एवढंच कर, बाकी नंतर

अरे, तू कोडिंग शिकायला लागलायस, तर ऐक: इंदुरात बसून बाहेरच्या देशाचं काम मिळतं, पण पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नकोस. आधी प्रोग्रामिंगची एकच भाषा पक्की कर, जावास्क्रिप्ट किंवा पायथन, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या सर्व्हेत दोन्ही बरीच वर्षं वरच आहेत. बहुतेक पोरं इथेच फसतात, फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा छोटा तुकडा, धड लिहिता येत नाही आणि रिअॅक्टचा, म्हणजे वेबसाइट बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा, कोर्स घेऊन बसतात.

दुसरं, एरर वाचायला शीक. पायथनमध्ये एररचा ढीग आला की लगेच एआयला विचारू नकोस, सगळ्यात खालची ओळ बघ, काय बिनसलंय ते तिथे लिहिलेलं असतं आणि तिच्या वरच फाइल नि लाइन नंबर असतो. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, रोज वापर; त्यातल्या अॅड, कमिट, पुश एवढ्या कमांड सध्या पुरे.

पगाराचं म्हणशील तर अमेरिकेतले डॉलर रुपयात गुणून मन खट्टू करू नकोस, तिथलं भाडं नि इन्शुरन्सही डॉलरातच जातो. सुपर कॉरिडॉरवरून, म्हणजे इंदूरच्या आयटी कंपन्यांच्या पट्ट्यातून, ऑफर आली तर सीटीसीवर, म्हणजे कंपनीच्या तुझ्यावरच्या एकूण वार्षिक खर्चाच्या आकड्यावर, भुलू नकोस, हातात किती येणार ते विचार, कारण कंपनीचा पीएफ नि ग्रॅच्युइटी बहुतेक त्यातच धरलेली असते. आणि बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असला तर सही करण्याआधी मला दाखव, नक्की.